फी माफ झाली, पण भाकरीचे काय?

दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीच्या खेड्यांत घरोघरी एक हिशेब मांडला जातो. त्या हिशेबात फीचा आकडा बहुतेक वेळा सगळ्यांत लहान असतो. पोरगा पास झाला आहे, अंगाने भरला आहे, कामाला येण्याजोगा झाला आहे. अकरावीला तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी धाडायचा तर खोली, मेस, एसटी, वह्या-पुस्तके हे सगळे आलेच. घरी ठेवला तर उद्यापासून चार पैसे आणील. जत-आटपाडीकडे ऊसतोडीच्या टोळीत एक कोयता वाढतो. तासगाव-कवठेमहांकाळच्या पट्ट्यात द्राक्षांची छाटणी आणि बेदाण्याची शेड आहेत. विटा-खानापूर भागातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या ‘गलाईला’ जात आली, म्हणजे परप्रांतात सोने-चांदी गाळण्याच्या दुकानांत. पाटण-जावळीच्या डोंगरी गावांतल्या किती घरांची चूल मुंबईतल्या माथाडी कामावर पेटली.

या घरांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. उलट ती किंमत त्यांना इतरांपेक्षा नेमकी कळते, कारण ती त्यांना रोखीने मोजावी लागते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला वर्गात बसवायचे तर त्याची फी, त्याची भाकरी आणि त्याची बुडालेली मजुरी अशा तीन गोष्टींची तरतूद लागते. आपल्याकडच्या योजनांनी पहिली गोष्ट बऱ्यापैकी सोडवली, दुसरी अर्धीमुर्धी, आणि तिसरी जवळजवळ विचारातच घेतली नाही. साताऱ्याच्या मातीत मात्र शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने या तिन्हींचे उत्तर एकत्र शोधले होते.

आधी कायद्याची बाजू पाहू. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देतो. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी आली, पण चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामांतून वगळले गेले. म्हणजे ज्या वयात शिक्षणाचा हक्क संपतो त्याच वयात मजुरीची मोकळीक सुरू होते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते अठरा वर्षे हा सगळा काळ शिक्षणाचा मानला असला, तरी त्याला हक्काचे बळ अजून मिळालेले नाही. या चार वर्षांत मुलगा शाळेत राहणार की कामावर जाणार, हे ठरवण्याचा भार घरावरच पडतो.

तो भार केवढा, हे आकड्यात मांडता येते. महाराष्ट्रात २०२५-२६ साली रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. अठरा वर्षांखालच्या मुलाला हमीचे काम मिळत नाही, पण खेड्यातल्या एका दिवसाच्या कष्टाचे मोल मोजायला हा आकडा उपयोगी पडतो. महिन्याला वीस दिवस काम धरले तर ६,२४० रुपये होतात आणि शाळेच्या दहा महिन्यांचे ६२,४०० रुपये. घरातले एक कमावते अंग वर्गात बसवणे म्हणजे वर्षाला साधारण एवढी रक्कम सोडून देणे. कोरडवाहू दोन एकरांवर आणि चार शेळ्यांवर चालणाऱ्या घराने ती सोडावी, असे आपण नुसत्या उपदेशाने म्हणू शकत नाही.

हे ज्यांनी नीट ओळखले ते कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोजचा, घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. कोल्हापुरात शिकत असताना शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहे कशी उभी केली हे त्यांनी जवळून पाहिले. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचे तर त्याला आधी राहायला जागा आणि जेवायला अन्न लागते, हा त्या वसतिगृहांचा मूळ विचार होता. पुढे भाऊराव किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. शेतकऱ्याच्या घरात काय शिजते आणि काय शिजत नाही, हे त्यांना त्या भटकंतीत कळले. त्याआधीच, १९१०च्या सुमारास, सांगलीजवळच्या दूधगावात सहकाऱ्यांसोबत त्यांनी विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यात आले.

साताऱ्याच्या त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत आणि स्वयंपाकाच्या पाळ्याही आपसांत वाटून घेत. १९२७ साली महात्मा गांधींनी तिथे भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. भाऊराव गावोगाव फिरून धान्य आणि पैसा गोळा करीत. तरीही कोठी रिकामी होण्याचे प्रसंग येत. अशाच एका वेळी पोरे उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे मंगळसूत्रही दिले, ही गोष्ट साताऱ्यात आजही सांगतात. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. त्या वसतिगृहाच्या जमाखर्चात त्यांचा वाटा कुठल्याही देणगीदारापेक्षा मोठा आहे.

भाऊरावांचा वेगळेपणा पुढे आहे. मुलाला फुकट जेवू घालून ते थांबले नाहीत. ज्याच्या घरून पैसा किंवा धान्य येणे शक्य नाही, त्याने दिवसाचे काही तास श्रम द्यायचे आणि त्या श्रमावर शिकायचे, अशी व्यवस्था त्यांनी बसवली. तीच ‘कमवा आणि शिका’ योजना. १९४० साली साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव विद्यालय आणि १९४७ साली सुरू झालेले छत्रपती शिवाजी कॉलेज या योजनेवर उभे राहिले. मुले शेतात राबत, जनावरे सांभाळत, बांधकामावर हात लावत आणि ठरल्या वेळी वर्गात बसत. संस्थेचे ब्रीदही ‘स्वावलंबी शिक्षण’ हेच. या योजनेने घराला पोराच्या खर्चातून मोकळे केले आणि पोराच्या मनातून ‘आपण आई-बापावर ओझे आहोत’ ही भावना काढून टाकली. सोळा वर्षांच्या मुलाला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच लागते. आपण घरचे खातो आणि देत काहीच नाही, या विचाराने शाळा सोडणारी मुले कमी नाहीत. शाहू बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. संस्थेच्या आज सातशेहून अधिक शाखा आहेत.

भाऊराव १९५९ साली गेले. त्याच सुमारास दुसऱ्या एका सातारकराने या प्रश्नाला सरकारी बाजूने हात घातला. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३चा, देवराष्ट्र्याचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि आज सांगलीत आहे, कारण १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग निघून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेले, आई विठाईंनी कष्टाने शिकवलेले हे पोर मुख्यमंत्री झाले, आणि त्यांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना फीची सवलत सुरू झाली. ‘ईबीसी’ हे तिचे नाव महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांच्या तोंडी बसले. घरचे उत्पन्न कमी असेल तर जात कोणतीही असो, फी माफ, हा विचार त्या काळात मोठा होता. त्याने हजारो शेतकरी घरांतली पहिली पिढी कॉलेजच्या पायरीवर चढवली.

पण इथूनच आपली वाट थोडी वळली. सरकारला फी माफ करणे सोपे जाते, कारण तो हिशेब कागदावर संस्थेशी होतो. मुलाला रोज जेवू घालणे आणि त्याला कामाचा मोबदला देणे याला माणसे लागतात, जागा लागते, रोजची देखरेख लागते. साठ-सत्तर वर्षांत सवलतींची यादी लांबत गेली, पण तिचा मुख्य भर फीवरच राहिला.

आज अकरावी-बारावीत असलेल्या मुलाला काय मिळू शकते, ते आता नीट पाहू. आठवीत असताना राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, असते. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल आणि मुलाची निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. परीक्षा देऊनही निवड न झालेल्या मराठा-कुणबी समाजातल्या पात्र मुलांसाठी राज्य सरकारच्या ‘सारथी’ संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपयांची. अनुसूचित जातींच्या मुलांना केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून लागू होते. ही योजना १९४४ सालची, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या शैक्षणिक योजनांपैकी. २०२१च्या सुधारित नियमांनुसार अकरावी-बारावीच्या मुलाला फीशिवाय वर्षाला निर्वाहभत्ता मिळतो: घरून ये-जा करत असेल तर २,५०० रुपये, वसतिगृहात असेल तर ४,०००.

सरकारी वसतिगृहासाठी अर्ज करूनही जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. साताऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्यातून वर्षाला ४३,००० रुपये मिळतात: जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची आहे. सगळ्या योजनांत भाकरीचा विचार सर्वांत स्पष्टपणे केलेली ही योजना. तरीही जेवणाचे पैसे वर्षावर पसरले तर दिवसाला अडुसष्ट-एकोणसत्तर रुपये पडतात.

गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी यांच्या मुलांची एक योजना मात्र गावात फारशी कुणाला ठाऊक नसते. बापाने किंवा आईने इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी केली असेल, तर पहिल्या दोन अपत्यांना अकरावी-बारावीत दरवर्षी १०,००० रुपये मिळतात, पदवीला २०,००० आणि अभियांत्रिकीला ६०,०००. नोंदणीसाठी आदल्या वर्षात किमान नव्वद दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला लागतो. ज्या घरात ठेकेदाराच्या हाताखाली वर्षभर काम चालते, त्या घराने ही नोंदणी चुकवू नये.

मुलींच्या बाबतीत राज्याने काही पावले ठाम टाकली आहेत. बारावीपर्यंत फी नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, आणि मुलांना पासात दोनतृतीयांश सवलत आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी जुलै २०२४च्या निर्णयाने पूर्ण माफ झाली. याच उत्पन्नगटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत निम्म्या फीची सवलत मिळते. बारावीला आपल्या मंडळात वरच्या वीस टक्क्यांत आलेल्या आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या मुलांना पदवीच्या तीन वर्षांत केंद्राकडून दरवर्षी १२,००० रुपये मिळू शकतात.

आता हे आकडे मजुरीच्या शेजारी ठेवून पाहा. एनएमएमएसचे महिन्याला हजार रुपये म्हणजे सव्वातीन दिवसांची मजुरी. अकरावीच्या वसतिगृहातल्या मुलाचा वर्षाचा निर्वाहभत्ता म्हणजे तेरा दिवसांचीही मजुरी नाही. याच मॅट्रिकोत्तर योजनेत वैद्यकीय-अभियांत्रिकीसारख्या पदव्यांच्या वसतिगृहवासी मुलांना १३,५०० रुपये आहेत. वरच्या अभ्यासक्रमाचा खर्च मोठा असतो हे खरे. पण गळती होते ती अकरावीच्या उंबऱ्यावर, आणि तिथेच मदत सर्वांत तोकडी आहे.

दुसरे दुखणे वेळेचे. यांतले बरेच अर्ज भरायचे ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावर. लागतात उत्पन्नाचा चालू वर्षाचा तहसीलदारांचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर, गुणपत्रक, रेशनकार्ड आणि आधारशी जोडलेले बँक खाते. आता अर्ज कुठे अडकतो ते पाहा. आधारवर नाव ‘सुनिता’ आणि दाखल्यावर ‘सुनीता’ असले तरी अर्ज परत येतो. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर जातो आणि तिथल्या कारकुनाने पुढे पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. सगळे पार पडून पैसे सुटले, तर ते आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कधीतरी सिमकार्ड घेताना नकळत उघडलेले खाते तेच असेल, तर पोरगा इकडे जुने पासबुक भरून घेत राहतो आणि पैसे तिकडे पडलेले असतात. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे जूनपासून द्यावे लागतात, शिष्यवृत्ती मात्र बहुधा वर्ष सरत आले की येते, कधी पुढच्या वर्षीही. मधले सहा-आठ महिने सावकार, सोसायटी किंवा मामा यांच्या भरवशावर निघतात. ज्याला मामा नसतो तो दिवाळीनंतर कॉलेजात दिसत नाही.

जगात इतरत्र या वयासाठी काय केले गेले, ते आपल्याला उपयोगी पडेल. मेक्सिकोने १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ नावाची योजना काढली. मूल शाळेत जात राहिले तर आईच्या हाती ठरावीक रक्कम मिळे. मूल जसजसे वरच्या इयत्तेत जाई तसतशी ती वाढे, कारण त्याची मजुरीही वयाबरोबर वाढते. माध्यमिक इयत्तांत मुलींना मुलांपेक्षा जास्त मिळे. पुढच्या पाहण्यांत माध्यमिक शाळेतली पटसंख्या वाढलेली दिसली, विशेषतः मुलींची. इंग्लंडने सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी आठवड्याला दहा ते तीस पौंडांचा भत्ता आधी काही भागांत आणि २००४ पासून देशभर दिला. तो थेट मुलाच्या खात्यात जाई आणि हजेरीवर अवलंबून असे. प्रयोगाच्या भागांत सोळाव्या वर्षानंतर शिकत राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढले. सरकारी खर्चकपातीत २०११ साली इंग्लंडने तो बंद केला, पण वेल्स आणि स्कॉटलंडने चालू ठेवला. या दोन्ही योजनांतून तीन गोष्टी घेता येतात: रक्कम इयत्तेबरोबर वाढावी, ती आठवड्याला किंवा महिन्याला नियमित यावी, आणि तिचा संबंध हजेरीशी असावा.

यातले पुष्कळसे आपल्याला नवे नाही. शाहू बोर्डिंगमध्ये मुलाला भाकरी रोज मिळत होती, वर्षाअखेरीस नव्हे. ‘कमवा आणि शिका’चे रूप आज शिवाजी विद्यापीठात आणि पुण्याच्या विद्यापीठात दिसते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काही तास काम करून मुले आपला खर्च भागवतात. पण ही सोय मुख्यतः पदवीच्या आणि त्यापुढच्या मुलांना आहे, आणि आधार तुटतो तो त्याआधी. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांतही दिवसाला दोन तासांचे, अभ्यासाला धक्का न लावणारे, सुरक्षित काम आणि त्याचा दरमहा मोबदला देणे अशक्य नाही. ग्रंथालये, प्रयोगशाळा, रोपवाटिका, संगणक कक्ष सगळीकडे आहेत. सातारा-सांगलीत साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, पतसंस्था आहेत. संचालक मंडळांना शिक्षणाचे महत्त्व समजावून सांगायला नको, कारण या भागातल्या कित्येक सहकारी संस्थांच्या नेत्यांची शाळा ‘रयत’चीच होती. या संस्थांनी जून ते डिसेंबरचे मेसचे पैसे बिनव्याजी आगाऊ दिले आणि शिष्यवृत्ती आल्यावर परत घेतले, तर कितीतरी पोरे दिवाळीनंतरही वर्गात दिसतील. यासाठी नवा कायदाही लागत नाही.

सरकारकडून मागायचे ते मोजके आहे. अकरावी-बारावीचा निर्वाहभत्ता मजुरीच्या दराशी बांधा म्हणजे तो महागाईबरोबर आपोआप वाढेल. तो जूनपासून दरमहा द्या. आठवीत एकदा तपासलेले दाखले बारावीपर्यंत ग्राह्य धरा. आणि प्रत्येक तालुक्यात सरकारी वसतिगृहांच्या जागा अकरावीचे प्रवेश सुरू होण्याआधी जाहीर करा, म्हणजे घराला हिशेब करताना खरी बाजू दिसेल.

पालकांना, शिक्षकांना आज, आत्ता करण्यासारखेही पुष्कळ आहे. आठवीच्या मुलांना एनएमएमएसला बसवा. दहावीच्या निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्ये उत्पन्नाचा दाखला काढा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासबुक यांवरचे नाव अक्षर न्‌ अक्षर एकसारखे आहे का ते पाहा. आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे ते बँकेत विचारा. अर्ज भरला की कॉलेजने पुढे पाठवला का, हे आठवड्याने जाऊन तपासा. बांधकामावर असाल तर मंडळात नाव नोंदवा. शाळेतल्या एखाद्या शिक्षकाने जूनचे पंधरा दिवस या कामाला दिले, तर गावातली चार-पाच मुले अकरावीत नक्की जातील.

भाऊरावांना कुणी पैशाचे गणित शिकवले नव्हते, तरी एक गणित त्यांनी अचूक सोडवले होते. गरीब घरातले मूल हुशारी कमी म्हणून शाळा सोडत नाही, ते सोळाव्या वर्षी घराला महाग पडते म्हणून सोडते. ती महागाई समाजाने वाटून घेतली की मूल शिकते. त्यांनी ती धान्य, श्रम आणि एका बाईच्या दागिन्यांतून वाटून घेतली. आज आपल्याकडे तिजोरी आहे, बँका आहेत, सहकारी संस्था आहेत. गणित तेच आहे, आणि ते सोडवण्याची ऐपत त्यांच्यापेक्षा आपल्याजवळ कितीतरी जास्त आहे.